चौथ्या पिशवीतली बाटली

थोरल्या सुनेला दुकानात सगळे पाठीमागे ‘कशावरून’ म्हणत, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. माल आजच उतरलाय असं कुणी म्हटलं की तिचा प्रश्न ठरलेला: कशावरून? नवरा म्हणाला डोकं दुखतंय, तरी तेच. गिऱ्हाइकाने दिलेली नोट ती उजेडाकडे धरून बघे, त्यात काही वावगं नाही. पण गिऱ्हाइकाने केलेली स्तुतीसुद्धा ती तशीच धरून बघे. त्यामुळे दुकान आजवर फसलं नव्हतं, आणि तिच्याशी मोकळेपणाने बोलणारं माणूसही फारसं उरलं नव्हतं. यातली पहिली गोष्ट ती वारंवार सांगे. दुसरी तिच्या लक्षात आलेली नव्हती.

दुकान वाइनचं. उभं केलं सासऱ्यांनी, चालवत होत्या दोघी सुना. मुलगे दोघेही नोकरदार, सुट्टीच्या दिवशी जड खोकी उचलण्यापुरते उगवायचे आणि वर ‘आमचं दुकान’ म्हणायचे. दुकानात लाकडी फळ्या तीन. खालच्या फळीवर रोजच्या जेवणाबरोबर घ्यायची स्वस्त वाइन, मधल्या फळीवर पाहुणे येणार असतील तर घ्यायची, आणि वरच्या फळीवर साहेबाला खूश करायचं असेल तेव्हाची. कोणती बाटली कोणत्या फळीच्या लायकीची हे ठरायचं मागच्या खोलीत, आणि दुकानाची सगळी इभ्रत त्या खोलीवर उभी होती.

तिथली रीत सासऱ्यांनी घालून दिलेली. बाटल्यांना मानेपर्यंत कापडी पिशव्या चढवायच्या, पिशव्यांवर आकडे. चाखणाऱ्याला आत काय आहे ते कळता कामा नये. प्रत्येकाने वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, पत्र्याच्या भांड्यात थुंकायचा आणि मोठ्याने फळी सांगायची. मग पिशवी काढून खरी किंमत बघायची. स्वस्तातली बाटली मधल्या फळीची म्हणून बोलली गेली, की सासरे तिची दहा खोकी मागवत. महागातली बाटली मधल्या फळीवर घसरली, की माल परत. गिळायचं मात्र कुणीच नाही. “या टेबलाशी बसून जो गिळतो तो गिऱ्हाईक,” असं ते म्हणत. त्यांना स्वतःला तिथे गिळताना कुणी पाहिलेलं नव्हतं.

पोर्तुगालच्या वाइनवर त्यांचा भारी जीव. तिथल्या द्राक्षांची नावं गिऱ्हाइकाच्या तोंडात बसत नाहीत, आणि नाव घेता येत नाही म्हणून भाव चढत नाही, असं त्यांचं गणित होतं. दौरो नदीच्या उभ्या उतारांवरची एखादी लाल वाइन खालच्या फळीच्या दरात घ्यावी आणि वरच्या फळीवाल्यांची तोंडं बंद करावीत, हा त्यांचा आवडता उद्योग. अर्थात तिथलाही एखादा जाडजूड बाटली आणि सोनेरी कागद लावून लुबाडायला बसलेला असतोच. त्याला ओळखायला नाक लागतं, आणि ते त्यांच्याकडे होतं.

पण हिवाळ्यात सासरे तापाने आडवे झाले, उठले, पुन्हा टेबलाशी बसू लागले, आणि तेव्हापासून थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. कारण सासरे चुकत नव्हते.

दुसरं कुणी खूश झालं असतं. बाटली खालच्या फळीच्या दराची असली की ते खालची म्हणत, वरची असली की वरची. पिशवी निघायची आणि किंमत त्यांच्या शब्दाला तंतोतंत जुळायची. माल आणणारे लोक टाळ्या वाजवायचे. थोरली मात्र भांडी विसळताना विचार करत राहायची. स्वस्त आणि मस्त वाइनने फसणं हेच तर त्यांचं काम होतं. ते फसायचे, म्हणून दुकानाला घबाड मिळायचं. जो माणूस कधीच फसत नाही त्याला किंमत जिभेने कळत नसणार, कुणीतरी कळवत असणार. आणि महाग माल कधी परत जात नाही, यात फायदा कुणाचा? आणणाऱ्याचा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मुरत होतं ते कुठे, हेही तिने शोधलं. बाटल्या झाकायचं आणि ओतायचं काम धाकटीकडे. धाकटी तिची जाऊ, गोड बोलणारी, सगळ्यांना हवीहवीशी, म्हणूनच थोरलीला पहिल्यापासून थोडी न पटलेली. ओतून झालं की धाकटी बाटलीचं तोंड फडक्याने पुसायची. कधी एकदा, कधी दोनदा, कधी तीनदा. थोरलीने दोन-तीन बैठका डोळ्यात तेल घालून पाहिल्या. एकदा पुसलं की खालची फळी. दोनदा पुसलं की मधली. तीनदा पुसलं की सासरे पेला नाकाशी नेत, डोळे मिटत आणि म्हणत, वरची.

आता यात आणखी एक गोम. पोर्तुगालचा माल आणणारा माणूस धाकटीचा सख्खा मावसभाऊ होता. आता आणखी काय पाहिजे?

घरातही सगळं तिला जुळून येताना दिसलं. सासरे हल्ली तिच्या हातच्या जेवणावर बघावं तेव्हा मीठ आणि मिरपूड पेरत. धाकटीच्या पाळीला निमूट जेवतात असा तिचा समज. एका सकाळी ती दूध तापत ठेवून अंघोळीला गेली. सासरे शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. ती परत आली तर दूध उतू जाऊन करपलेलं, घरभर जळका वास, आणि हे शांतपणे पान उलटताहेत. तिने भांडं घासायला टाकलं. पण हे मुद्दाम केलेलं आहे, आपल्याविरुद्ध कान भरले गेले आहेत, हे तिने मनात पक्कं लिहून ठेवलं. नवऱ्याला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, अगं म्हातारं माणूस आहे, सोड ना. त्याने तिच्याकडे न बघता सोड म्हटलं, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

म्हणून तिने छडा लावायचं ठरवलं.

संधी चालून आली. एका मोठ्या हॉटेलची खरेदी बघणारी बाई येणार होती. तिला वर्षभरासाठी पोर्तुगालची एक लाल वाइन हवी होती, आणि कोणती ते सासऱ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मावसभाऊ पाच बाटल्या ठेवून गेला: दोन खालच्या दराच्या, दोन मधल्या, एक चांगली महागडी. धाकटीने सकाळीच बुचं काढली, पिशव्या चढवल्या आणि दुपारी ती पाव आणायला बाहेर पडली.

थोरली मागच्या खोलीत शिरली. तिच्या हातात एका गिऱ्हाइकाने परत आणलेली बाटली होती, स्वस्तातलीच. बुचात कधीकधी एक दोष असतो. त्याने बिघडली की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास मारतो. न चाखता नुसत्या वासावर ओळखू येते, शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारलं तरी सांगेल. तिने चौथ्या पिशवीतली महागडी बाटली काढून कपाटाखाली सरकवली आणि ही तिथे चढवली. गाठ धाकटी मारते तशीच मारली. धाकटी तीनदा पुसणार, सासरे वरची म्हणणार, आणि सगळ्यांच्या देखत दोघांचं बिंग फुटणार. हॉटेलच्या बाईसमोर शोभा होईल हे तिच्या मनात आलं. मग साक्षीदार असलेला बरा, असंही आलं.

बैठक वेळेवर सुरू झाली. खिडकीजवळच्या खुर्चीवर सासरे, पांढरा सदरा, ताठ बसलेले. एका बाजूला हॉटेलची बाई आणि मावसभाऊ, दुसऱ्या बाजूला थोरली. धाकटी उभी, हातात फडकं. पहिली पिशवी ओतली, दोनदा पुसली. सासऱ्यांनी वास घेतला, घोट घोळवला, थुंकले. मधली, म्हणाले. दुसरीही मधली. हॉटेलच्या बाईने मान डोलावली.

तिसरी ओतली, आणि धाकटीने एकदाच पुसलं. थोरलीने घोट घेतला आणि ती क्षणभर आपला डावपेच विसरली. वाइन सुरेख होती. आंबटगोड काळं फळ, मागे उन्हात तापलेल्या दगडासारखं काहीतरी, आणि घोट थुंकल्यावरही तोंडात रेंगाळणारी चव. ही स्वस्तातली? पूर्वीचे सासरे असते तर पेला खाली ठेवून हसले असते आणि मधली म्हणून मोकळे झाले असते. आजचे सासरे म्हणाले, खालची. थोरलीच्या मनात सोनं मातीत गेल्यासारखी हळहळ उठली, आणि त्याबरोबर रागही. चार पैशांसाठी ही दोघं दुकानाचा केसाने गळा कापताहेत, तिला वाटलं.

मग चौथी.

धाकटीने ओतली, एकदा पुसली, दोनदा पुसली, आणि तिसऱ्यांदा पुसताना तिचा हात जागीच थबकला. तिला वास आला असावा. पण तोवर फडकं बाटलीच्या तोंडावर टेकलेलं होतं. सासऱ्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

“वरची,” ते म्हणाले. “पिकलेलं काळं फळ आहे, लाकडाचा हलका धूर आहे. हिला वेळ दिलाय कुणीतरी.”

हॉटेलच्या बाईने आपला पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मावसभावाने नाक मुरडलं, मग धाकटीकडे बघितलं. थोरली याच घडीची वाट बघत होती. फक्त उठून पिशवी ओढायची, की झालं.

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. पकडला गेलेला माणूस आपल्या साथीदाराकडे बघतो, ते तर धाकटीकडे बघतच नव्हते. खोलीतली शांतता त्यांना कळली होती, कशामुळे ते कळलं नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेऊन खोल श्वास ओढला. पुन्हा ओढला. अंधाऱ्या खोलीत माणूस भिंतीवर बटण चाचपडतो, तसे ते त्या पेल्यात काहीतरी चाचपडत होते. आणि पुठ्ठ्याचा वास तर टेबलाच्या या टोकापर्यंत येत होता.

थोरलीला उतू गेलेलं दूध आठवलं. घरभर पसरलेला जळका वास आणि शांतपणे उलटलेलं पान. मीठ आठवलं, मिरपूड आठवली.

“ती बाटली बिघडलेली आहे,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “मीच ठेवली होती, बाबांची परीक्षा बघायला. त्यांना पहिल्याच वासाला कळलं. माझी फिरकी घेताहेत ते.”

सासऱ्यांनी पेला खाली ठेवला. मग ओठांच्या कोपऱ्यात कसंबसं हसू आणून म्हणाले, “म्हटलं बघू, आमची ‘कशावरून’ सासऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवते का.”

मावसभाऊ गरजेपेक्षा मोठ्याने हसला. हॉटेलची बाईही हसली. वेळ मारून नेली गेली. पण पाचवी बाटली ओतल्यावर त्या बाईने सासऱ्यांना काही विचारलं नाही. तिने मान वळवली आणि थोरलीला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते पाहून सासरे टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत बसले. बाई कळवते म्हणाली, हात मिळवला आणि गेली. तिच्यामागे मावसभाऊही गेला.

धाकटी मोरीत पेले विसळत होती. थोरली तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. भांडायला आलेल्या माणसासारखीच, कारण तिला दुसऱ्या तऱ्हेने उभं राहता येत नव्हतं. तिने विचारलं, कधीपासून? धाकटीने पाण्याची धार बंद केली नाही. तापानंतर, ती म्हणाली. डॉक्टर म्हणालेत की वास परत येईल किंवा येणारही नाही. बाबांनी शपथ घातली होती. टेबल सोडलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे, असं म्हणाले होते. थोरलीने मावसभावाचं विचारलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, धाकटी म्हणाली, आज मात्र कळलं असणार.

“आणि घरात कुणाकुणाला माहीत आहे?”

धाकटी हातातला पेला पाण्याखाली फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “भाऊजींना आहे. आमच्या ह्यांनाही.”

म्हणजे सगळ्यांना. तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसालासुद्धा. थोरलीच्या तोंडात मारल्यासारखं झालं.

“मलाच का नाही सांगितलं?”

धाकटीने आता तिच्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही, राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

“सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना तपासून पाहिलं असतं, ताई.”

तपासलंच होतं की तिने. न सांगता तपासलं होतं, साक्षीदार बसवून. हा माणूस चोर आहे एवढी एकच गोष्ट तिला सुचली होती. तो आजारी असेल, घाबरला असेल, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. धाकटीच्या हातातलं फडकं तिने घेतलं, उरलेले पेले पुसले आणि ती मागच्या खोलीत गेली.

सासरे तिथेच बसून होते. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत पिशव्यांपर्यंत आला होता. तिने माफी कशी मागायची याची मनात जुळवाजुळव केली, पण त्यांनी हात वर करून ती थांबवली.

“चौथीला वास कसला होता, ते सांग.”

“ओल्या पुठ्ठ्याचा,” ती म्हणाली. “कोंदट. पावसात भिजलेलं खोकं फडताळात राहून जावं तसा.”

“खूप होता?”

तिला खोटं बोलावंसं वाटलं. “खूप होता, बाबा.”

त्यांनी मान हलवली. बाकीच्या पिशव्या काढ म्हणाले. तिने एकेक गाठ सोडली. लपवलेली महागडी बाटलीही कपाटाखालून काढून रांगेत ठेवली. ते लेबलं वाचत गेले, दोन मधल्या, त्या दोन मधल्याच. आणि तिसरीपाशी ती थांबली. सांगू की नको, असं तिला झालं. आजवर तिने कुठल्या बाटलीची बाजू घेतली नव्हती, फक्त उलटतपासणी घेतली होती.

“ही चुकली तुमची,” ती म्हणाली. “दराने खालची आहे, पण बोलायला हवी होती मधली. मधल्या दोन्हींपेक्षा ही सरस आहे. त्या हॉटेलवालीला हीच द्यावी, आणि आपणही दहा खोकी घ्यावीत. तुम्ही असता... म्हणजे पूर्वी, तर हसला असतात ही चाखून.”

तिने त्यांच्या पेल्यात थोडी ओतली. त्यांनी पेला उजेडाकडे धरला, रंग पाहिला, सवयीने नाकाशी नेला आणि काही न मिळाल्यासारखा खाली आणला. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. ही नजर थोरलीच्या ओळखीची होती. ती आजवर याच नजरेने जगाकडे बघत आली होती. फक्त स्वतःवर ती रोखलेली तिने कधी अनुभवली नव्हती. ही खरं बोलतेय, की म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून, की आणखी एखादी परीक्षा आहे? त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

“कशावरून?” त्यांनी विचारलं.

तिने ते काळं फळ, तो तापलेला दगड, ती रेंगाळणारी चव, सगळं सांगितलं. सांगताना तिला कळत होतं की यातलं एकही अक्षर त्यांना पडताळून बघता येणार नाही. आपण सांगत नसून फक्त शब्द लावतोय असं तिला वाटू लागलं, आणि ती मध्येच थांबली.

“मी सांगते म्हणून,” ती शेवटी म्हणाली. हे उत्तर देणाऱ्या माणसाला तिने आजवर दारात उभं केलं नव्हतं.

सासऱ्यांनी घोट घेतला आणि तोंडात घोळवला, जिभेला जेवढं कळतं तेवढं, आंबट आणि तुरट. थोरलीने सवयीने थुंकायचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते हाताने बाजूला केलं, आणि घोट गिळला.